करवंटीखाली किती?

दुसरी-तिसरीतल्या मुलांना ४२ मधून १७ वजा करायला दिले, तर त्यांतली बरीच ३५ हे उत्तर लिहितात. ही चूक प्राथमिकच्या कोणत्याही शिक्षकाला ओळखीची आहे. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन घालवते आणि पाच लिहिते. दशकाच्या घरात चारातून एक जातो, तीन उरतात. वहीवर लाल फुली पडते, शेजारी ‘हातचा विसरलास’ असा शेरा. पण मूल काही विसरलेले नसते. ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे’ हा पहिलीत त्याला शाळेनेच पढवलेला नियम त्याने इमानाने पाळलेला असतो. जॉन ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे की, मुले अंदाधुंद चुकत नाहीत. स्वतःशी ठरवलेला एखादा चुकीचा नियम ती एका गणितापासून दुसऱ्या गणितापर्यंत शिस्तीत वापरत जातात. आता याच मुलाच्या ओच्यात ४२ काजूच्या बिया आहेत आणि खेळात त्याने १७ गमावल्या, असे समजा. आपल्याकडे ३५ उरल्या असे कोणी त्याला सांगितले, तर ते भांडायला उठेल. नेमका आकडा सांगता आला नाही तरी एवढ्या बिया हातून गेल्यावर पस्तीस उरणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते. हाताला जे कळते ते पेन्सिलीला का कळत नाही, हा वजाबाकीच्या शिक्षणातला खरा प्रश्न आहे आणि ‘खेळातून शिक्षण’ या घोषणेची परीक्षाही तिथेच होते.

हा प्रश्न किती मुलांचा आहे, ते ‘असर’च्या आकड्यांवरून कळते. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ही पाहणी होते. पाहणी करणारे घरी जाऊन एकेका मुलाला दोन अंकी, हातच्याची वजाबाकी करायला देतात. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ती जमणारी २०१८ मध्ये २८.२ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये २५.९ टक्के आणि २०२४ मध्ये ३३.७ टक्के. सुधारणा आहे, पण अजूनही दर तीन मुलांतली दोन तिसरीत येऊन तिथेच अडलेली आहेत. यावर सरकारी उत्तर तयार आहे: खेळ. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, जुलै २०२१ मध्ये सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान, २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आलेला ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच, या सगळ्यांचा सूर एकच आहे. तो सूर चुकीचा नाही. अर्धवट आहे. खेळातून वजाबाकी शिकता येते, पण दोन अटींवर. वजाबाकी केल्याशिवाय डाव पुढे सरकू नये, ही पहिली. खेळात जे घडले ते मुलाने स्वतःच्या हाताने मांडून ठेवावे, ही दुसरी. या अटी पाळल्या नाहीत तर खेळ होतो, मुले खूश होतात, छायाचित्रे काढून व्हॉट्सॲपच्या गटावर जातात, आणि ४२ वजा १७ बरोबर ३५ हे तसेच राहते.

अटींकडे जाण्याआधी, वजाबाकी म्हणजे नेमके काय, हे पाहायला हवे. बेरजेपेक्षा ती अवघड असते एवढे सगळेच म्हणतात. का, याचा विचार फार कमी होतो. बेरजेत दोन्ही ढीग समोर असतात, एकत्र केले की झाले. वजाबाकीत मात्र एक वस्तुस्थिती होऊन गेलेली असते, आणि ती मनात धरून ठेवल्याशिवाय गणिताला अर्थच येत नाही. शिवाय १२ − ७ या एकाच मांडणीमागे निदान तीन वेगळे प्रसंग दडलेले आहेत. कोकणातल्या मालगुंडसारख्या गावातल्या मुलाच्या दृष्टीने पाहा. चैत्र-वैशाखात काजूच्या बिया गोळा करायचा हंगाम. बारा बिया होत्या, सात डावात गेल्या, किती उरल्या? हा पहिला प्रसंग, घालवण्याचा. बहिणीकडे बारा, माझ्याकडे सात, तिच्याकडे किती जास्त? इथे कोणाचेही काही गेलेले नाही, फक्त दोन ढीग शेजारी आहेत. आणि तिसरा: आंब्याच्या खोक्यात बारा फळे मावतात, सात रचून झाली, अजून किती लागतील? इथे तर हात घालण्याचे काम करतो आहे, काढण्याचे नव्हे. तरीही गणित वजाबाकीचेच. शाळेत वजाबाकी सुरू होते ती पहिल्या प्रसंगाने, झाडावरचे पक्षी उडवून, आणि बहुतेक वेळा तिथेच रेंगाळते. मग चौथीत ‘रमेशकडे सुरेशपेक्षा किती जास्त’ असे शाब्दिक उदाहरण आले की ‘जास्त’ शब्द पाहून मुले बेरीज करून मोकळी होतात. त्यात त्यांचा दोष काय? त्यांच्या लेखी वजाबाकी म्हणजे उडून गेलेले पक्षी, आणि या उदाहरणात काही उडालेलेच नाही.

टॉम हडसन या संशोधकाने १९८३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना पक्ष्यांचे आणि किड्यांचे चित्र दाखवले. पक्षी जास्त, किडे कमी. ‘किड्यांपेक्षा पक्षी किती जास्त?’ असे विचारल्यावर पहिलीच्या ६४ टक्के मुलांना जमले. त्याच चित्रावर ‘प्रत्येक पक्षी किडा पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना किडा मिळणार नाही?’ असे विचारले तेव्हा सगळ्यांनी, शंभर टक्के मुलांनी, बरोबर उत्तर दिले. पहिलीच्याही आधीच्या वर्गात हे अंतर याहून मोठे होते: २५ टक्के आणि ९६ टक्के. चित्र तेच, आकडे तेच, वय तेच. बदलली ती प्रश्नातली गोष्ट. दुसऱ्या प्रश्नात शर्यत आहे, कोणीतरी उपाशी राहणार आहे, आणि जोड्या लावण्याची युक्ती प्रश्नातच लपलेली आहे. वयाच्या सहाव्या वर्षी मुलाला फरक काढता येत नाही, हे म्हणणे खोटे ठरवायला हा एक प्रयोग पुरेसा आहे. त्याला फरक कळतो. आपल्या प्रश्नातून तो त्याला दिसत नाही. खेळाचे खरे काम इथे आहे. गणित गोड करणे, कंटाळा घालवणे ही त्याची किरकोळ कामे झाली. ज्या प्रसंगातून फरक, तूट किंवा उरलेले डोळ्यांसमोर उभे राहते तो प्रसंग घडवणे, हे मुख्य.

पण प्रत्येक खेळात हे घडत नाही, आणि इथे आपल्याकडच्या उत्साही मंडळींची फसगत होते. सापशिडीच घ्या. अंकांनी भरलेला पट, वर जाणे म्हणजे बेरीज, सापाने गिळले म्हणजे वजाबाकी, असे प्रशिक्षणात हमखास सांगितले जाते. प्रत्यक्षात ४७ वरून २६ वर येताना मूल काहीही वजा करत नाही. ते सोंगटी सापाच्या शेपटीपर्यंत घसरवते, बस्स. डावाला त्या एकवीसची गरजच पडत नाही. मग शिक्षक डाव थांबवून विचारतात, ‘किती घरं खाली आलास?’ आणि त्या क्षणी खेळ संपतो, तोंडी परीक्षा सुरू होते. मुलांना हा बदल चटकन कळतो. उलट नियमात थोडा फेर केला तर तोच पट कामाला लागतो. सोंगटी ५० वर ठेवायची, दोन फासे टाकून उतरत यायचे, आणि शून्यावर नेमके पोहोचायचे; शेवटच्या टप्प्यात एक फासा टाकायचा की दोन, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आता ९ वर उभ्या असलेल्या मुलाला आपल्याला नऊच हवेत, एका फाशावर ते मिळणार नाहीत, पण आधी तीन पडले तर पुढे सहा हवेत, हे स्वतःच्या स्वार्थासाठी काढावे लागते. कोणी विचारलेले नाही, तरी ते वजाबाकी करते आहे.

नियमातला असा बारीक फरक किती महत्त्वाचा असतो, याला पुरावा आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर एक ते दहा अंकांच्या सरळ पट्टीचा खेळ खेळून पाहिला. जेमतेम पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका. मुलांची संख्यांची समज वाढली आणि काही आठवडे टिकलीही. त्याच आकाराच्या, पण अंकांऐवजी रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्या मुलांना असा लाभ झाला नाही. पुढे एलिडा लॅस्की आणि सिग्लर यांनी २०१४ मध्ये शंभर घरांच्या पटावर आणखी एक गोष्ट दाखवली. चार घरे पुढे जाताना ‘एक, दोन, तीन, चार’ असे मोजणाऱ्या मुलांपेक्षा, उभ्या असलेल्या घरापासून ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस’ असे म्हणत जाणारी मुले बरीच जास्त शिकली. पट एक, फासा एक, वेळ एक. फरक फक्त तोंडाने काय म्हणायचे याचा. खेळाचे साहित्य विकत घेऊन कपाटात ठेवले की काम झाले, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित पेटी पोहोचली, तिची नोंदही साठा रजिस्टरात झाली. तिच्यातले मणी कोणत्या नियमाने खेळायचे हे मात्र अनेक ठिकाणी पेटीतच राहिले.

या अटींत बसणारा एक खेळ जवळून पाहू. त्याला पेटी लागत नाही, काजूच्या बिया आणि नारळाची करवंटी पुरते. दोन मुले समोरासमोर बसतात. मध्ये बारा बिया, दोघांनी मिळून मोजलेल्या. एकाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने काही बिया करवंटीखाली झाकायच्या, बाकीच्या उघड्या ठेवायच्या. डोळे उघडून पहिल्याने उघड्या बिया पाहायच्या आणि करवंटीखाली किती ते सांगायचे. बरोबर असेल तर झाकलेल्या बिया त्याच्या, चुकले तर झाकणाऱ्याच्या. सुरुवातीला मुले सरळ अंदाज ठोकतात. चार-दोन डाव हरल्यावर त्यांची बोटे हलू लागतात: सात दिसतात, मग आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, पाच बोटे उघडली, पाच. हे पुढे मोजत जाऊन केलेले मोजमाप म्हणजे तिसऱ्या प्रसंगाची, तूट काढण्याची वजाबाकी. आणखी काही दिवसांनी झाकणाराही हुशार होतो. तीन झाकल्या की ओळखणे सोपे, सहा-सात झाकल्या की प्रतिस्पर्धी गोंधळतो, हे त्याच्या ध्यानात येते. म्हणजे कोणती वजाबाकी अवघड हे तो स्वतः शोधू लागतो. आणि उत्तर तपासायला बाई नकोत, करवंटी उचलली की निकाल. मुलाला आपली चूक वस्तूनेच सांगितली, तर ती त्याला फारशी झोंबत नाही. लाल शाईला हे कधी साधत नाही.

हातच्याच्या वजाबाकीला याच परिसरात दुसरे साधन आहे, माडाच्या झावळीचे हीर. दहा हिरांची जुडी केळीच्या सोपाने बांधली की दशक झाला, सुटे हीर म्हणजे एकक. चार जुड्या आणि दोन सुटे समोर असताना सतरा द्यायची पाळी आली, की मुलाला जुडी सोडण्यावाचून गत्यंतर नसते. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत, आणि ‘सातातून दोन’ हा वहीतला उलटा व्यवहार इथे करून दाखवणे अशक्यच आहे, कारण सात हीर समोर कुठे आहेतच नाहीत. प्रथमच्या वर्गांत गठ्ठे आणि सुट्या काड्या यांच्यावर एवढा भर असतो तो याच कारणाने. आपल्या संख्यानामांमुळे हे साधन आणखी गरजेचे होते. ‘बेचाळीस’ या उच्चारात चार दशक आणि दोन एकक लहान मुलाला ऐकू येत नाहीत. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असा पर्याय सुचवला, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार शांतपणे मांडला, पण चर्चा बहुतांशी चेष्टेवर गेली. त्या उपायाबद्दल मतभेद असू शकतात. अडचण खरी होती. नावे जुनीच ठेवायची असतील, तर ‘बेचाळीस’ म्हणताना हाताखाली चार जुड्या असणे अधिकच आवश्यक ठरते.

आता या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. ‘मुलांना हे खेळात जमते, हे मान्य, पण खेळातले शहाणपण शाळेच्या गणितात उतरते, याला आधार काय?’ हा आक्षेप जुनाट मास्तरकीतून आलेला नाही, त्याच्या मागे भक्कम संशोधन आहे, आणि खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते लपवू नये. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, शहाळी, मका विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच आकडे कागदावर नुसते गणित म्हणून दिल्यावर ३७ टक्के. मोजकीच मुले होती, म्हणून तो अपवाद म्हणावा, तर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून अधिक मुलांवर बेतलेला आहे आणि निष्कर्ष त्याच दिशेचा आहे. बाजारात मनातल्या मनात हिशेब चोख, पाठ्यपुस्तकी मांडणीत अडखळ. उलटही खरे निघाले: शाळेत गणित येणारी मुले बाजारातल्या हिशेबात मागे पडली. खुद्द खेळांबद्दलचा पुरावा तर आणखी थेट आहे. दिल्लीत प्रथमच्या २१४ बालवाड्यांत सुमारे पाच वर्षांच्या १५४० मुलांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. चार महिने गणिती खेळ खेळलेल्या मुलांची संख्यांची उपजत जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकून राहिली. मात्र पुढे शाळेतले चिन्हांचे गणित शिकताना त्यांना इतरांपेक्षा काही फायदा झालेला दिसला नाही.

या पुराव्यावरून ‘मग खेळ सोडा, उदाहरणे घाला’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. पण मग शाळेतली मुले बाजारात का अडली, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. नुसत्या उदाहरणांतूनही शहाणपण पलीकडे जात नाही, हेच तर त्या अभ्यासात दिसते. दोन्ही काठ पक्के आहेत, मधला साकव नाही. दिल्लीतल्या खेळांत ठिपक्यांचे पुंजके, आकार, अंदाज होता. बालवाडीच्या वयाला ते ठीकच. रमाणी-सिग्लरच्या पट्टीवर अंक छापलेले होते आणि मूल प्रत्येक घराचा अंक मोठ्याने म्हणत होते. तिथे अंकांची समज वाढली. दोन प्रयोगांची अशी सरळ तुलना करता येत नाही, वय वेगळे, देश वेगळा, मोजमाप वेगळे. तरीही दोन्हींतून जो धागा निघतो तो मला दुर्लक्षण्याजोगा वाटत नाही: खेळात चिन्ह आले तर खेळाचे फळ चिन्हापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. म्हणून दुसरी अट. करवंटीच्या प्रत्येक डावानंतर, डाव कोणी जिंकला याचा हिशेब पाटीवर ठेवायचा, आणि तो खेळणाऱ्यानेच. १२ − ७ = ५. ही रेघ मुलासाठी गृहपाठ नसते, ती गुणफलकावरची नोंद असते. उद्या कोणी ‘माझे पाच नव्हते’ म्हणून कांगावा केला तर दाखवायचा पुरावा. पुढच्या आठवड्यात जुनी पाटी समोर ठेवून विचारावे, ‘या ओळीत सात म्हणजे कुठल्या बिया?’ उघड्या, असे जे मूल सांगते त्याला ती ओळ वाचता आली. किनाऱ्यावरच्या गावात पाटीचीही गरज नाही, ओल्या वाळूवर काटकी चालते. अट एवढीच की लिहिलेले चिन्ह नुकत्याच घडलेल्या गोष्टीचे असावे.

याला महाराष्ट्रात परंपरा आहे, ती आपण सरकारी परिपत्रकांच्या गर्दीत विसरतो. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसरीची महागडी साधने वारली पाड्यांवर नेणे शक्य नव्हते, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून त्यांनी साधने उभी केली. मला त्यात काटकसरीपेक्षा वेगळी गोष्ट मोलाची वाटते. त्या साधनांना क्रम होता. आधी हात, मग बोलणे, मग चिन्ह, आणि कोणत्याही पायरीवर मूल रेंगाळले तर बाईंनी रेंगाळू द्यायचे. आज आपण बिया आणि शिंपले तेवढे उचलले, क्रम तिथेच राहिला.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. आमच्या पिढीने पाढे घोकले, छडी खाल्ली, वजाबाक्या पानेच्या पाने केल्या. आम्हाला नाही आले? यात तथ्य आहे. वीसपर्यंतच्या बेरजा-वजाबाक्या तोंडावर असल्याशिवाय मोठे गणित झेपत नाही, आणि त्या तोंडावर यायला पुष्कळ वेळा कराव्याच लागतात. सरावाला पर्याय नाही. पण जे शिकले तेच आज आपल्या पिढीची साक्ष देत आहेत. जी मुले चौथीआधी शाळेतून गळली त्यांना कोणी साक्षीला बोलावत नाही. शिवाय सराव आणि खेळ हे एकमेकांचे वैरी असल्याचे कोणी ठरवले? मालगुंडात तरी हा भेद टिकू नये. तिथे जन्मलेल्या केशवसुतांचे वडील शाळामास्तर, ते स्वतः फैजपूर-धारवाडला शिक्षक. आणि आपल्या सर्वांत गूढ कवितेला, ‘झपूर्झा’ला, त्यांनी नाव दिले ते मुलींच्या खेळातल्या बोलांवरून.

गणितातला दाखला हवा असेल तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा आहे. ज्या डहाणू तालुक्यात कोसबाड आहे, त्या डहाणूतला त्यांचा जन्म, १९०५ चा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नसलेला. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेला आकडा वजा करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. हा शोध म्हणजे निव्वळ वजाबाकीशी केलेला खेळ आहे. दुसरी-तिसरीसाठी त्याचे दोन अंकी धाकटे रूप घ्यावे. ५२ घेतले, उलटे २५, वजा केले, २७. आता ७२ वजा २७, ४५. ५४ वजा ४५, ९. ९० वजा ०९, ८१. मग ६३, आणि पुन्हा २७, फेरा सुरू. यात गंमत अशी की प्रत्येक वजाबाकी हातच्याचीच असते, कारण अंक उलटल्यावर एककाच्या घरात वर लहान आणि खाली मोठा अंक येणारच. सुरुवातीला सांगितलेला ३५ वाला घोटाळा इथे क्षणात उघडा पडतो: तो नियम वापरणाऱ्या मुलाला ५२ वजा २५ चे उत्तर ३३ मिळते, आणि इथली सगळी उत्तरे नवाच्या पाढ्यातलीच असतात, तेहतीस त्यात नसल्याने शेजारचाच ओरडतो. दहा मिनिटांत पंधरा-वीस हातच्याच्या वजाबाक्या, एकाही ‘उदाहरणे सोडवा’शिवाय. हा घोकंपट्टीइतकाच सराव आहे. बिया आणि करवंटी मागे पडल्यानंतरही चिन्हांशी खेळता येते, हे कापरेकरांइतके कोणी दाखवले नसेल. त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या विद्वानांनी त्याला पोरखेळ म्हणून हसून घेतले, तो भाग वेगळा.

तिसरी तक्रार शिक्षकांची, आणि ती सर्वांत प्रामाणिक आहे. वेळ कुठे आहे? कोकणात द्विशिक्षकी शाळा पुष्कळ, पट कमी, दोन शिक्षकांत चार-पाच इयत्ता, त्यात माहिती भरणे, पोषण आहार, निवडणुकीची कामे. खेळ घ्यायचा तर एका गटाकडे बसावे लागते. हे खरे, पण वर सांगितलेल्या खेळांत उत्तर तपासण्याचे काम करवंटी आणि नवाचा पाढा करतात, शिक्षक नव्हे. आणि इयत्ता एकत्र असणे इथे उलट फायद्याचे आहे. तिसरीतली मुलगी पहिलीच्या दोघांचा डाव सांभाळू शकते, पाटीवर हिशेब लिहू शकते, आणि ‘सात म्हणजे कुठल्या बिया’ हे समजावताना तिची स्वतःची वजाबाकी पक्की होते. पटसंख्येची सूज असलेल्या शहरी शाळेला हे जमवायला जास्त त्रास पडेल. पालकांची कुरकुर वेगळी असते, ‘आज वहीत काय लिहिलं?’ डाव मांडलेली पाटी वहीत उतरवली की त्यालाही उत्तर मिळते, आणि ते उत्तर दिखाऊ नसते.

घराबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी, जी शाळेच्या हातात नाही. पूर्वी मूल दुकानात जाई, सदतीस रुपयांचा माल, पन्नासची नोट. दुकानदार ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस आणि हे दहा’ म्हणत सुटे हातावर ठेवी. वजाबाकीचा याहून नेटका धडा कोणत्या पुस्तकात नाही. गणपतीपुळ्याच्या पर्यटकांमुळे असेल किंवा सोयीमुळे, आता या पट्ट्यातल्या शहाळ्याच्या टपरीवरही क्यूआर कोड लटकतो. व्यवहार बरोबर होतो, मोड परत येत नाही. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही, कोणी नोटांकडे परत फिरणार नाही. पण जे शिक्षण घराबाहेर फुकट होत होते ते बंद झाले, म्हणून ‘दुकान-दुकान’ हा खेळ वर्गात पूर्वीपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावा लागेल, खोट्या नोटा, खरी मोड आणि गल्ल्याची वही यांसह.

एवढे करूनही एक खिळा उरतो, चाचणीचा. तिसरीच्या चाचणीत वजाबाकी म्हणजे उभ्या मांडणीची चार गणिते आणि पक्षी उडवणारे एक शाब्दिक उदाहरण एवढेच असेल, तर शिक्षक तेवढेच शिकवतील. खेळ मग स्नेहसंमेलनापुरता आणि साहेब येतील त्या दिवसापुरता. याउलट ‘१२ − ७ हे गणित लागेल अशा दोन वेगळ्या गोष्टी सांगा, एकीत काही हरवता कामा नये’ एवढा एकच प्रश्न चाचणीत घाला. ज्या मुलाने करवंटी उचलून पाहिली आहे आणि खोक्यात आंबे रचले आहेत, ते सांगेल. ज्याने फक्त वही भरली आहे, ते पाच लिहून थांबेल, आणि ते कुठे अडले हे शिक्षकाला त्याच दिवशी समजेल. यासाठी नवे धोरण लागत नाही की नवी पेटी. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आणि कृती यांचे प्रश्न शिक्षकानेच काढायचे असतात, आणि तेवढी मोकळीक आजही आहे.